ताउमाटाई खाडीवरचे बाराशे सत्तर कुआका

आधी जे घडले ते, क्रमाने.

१. रविवार, ८ मार्च २०२६. ताउमाटाई खाडी, शिंपल्यांचा बांध. कुआका पक्षी अलास्काकडे निघण्याआधीची शरदातली मोजणी (दक्षिण गोलार्धात शरद मार्चमध्ये येतो). भरती दुपारी ३.५२ला, उंची ३.६ मीटर.
२. उत्तर टोकाला डेस्मंड कार्गिल, दक्षिण टोकाला मी.
३. डेस्मंड यांनी ३.०५ला मोजले: १,३१०. माझ्यासमोर तेव्हा नुसती वाळू होती.
४. ३.२०ला उत्तरेकडे पाणी चढले. तिथला थवा उठून माझ्यासमोर येऊन बसला.
५. मी ३.३५ला मोजले: १,२७०. उत्तरेला आता एकही नव्हता.
६. नोंदवहीत दोन्ही आकड्यांची बेरीज चढली: २,५८०. मी सही केली नाही. दोन्ही मोजणाऱ्यांच्या सहीशिवाय आकडा चढवायचा नाही, हा नियम डेस्मंड यांचाच आहे. माझ्या जागी मोजणी मंडळाची चिटणीस ब्रेंडा हिने सही केली. ती त्या वेळी सभागृहात सँडविच कापत होती.
७. गुरुवार, २ एप्रिल. स्कॅन. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगवटा आहे. २९ एप्रिलला ऑकलंडला शस्त्रक्रिया. दगावण्याची शक्यता शंभरात सात. डॉक्टर आधी "थोडा धोका" म्हणाले होते. आकडा मी मागून घेतला.

म्हणून मी, रोइमाता पेने, वय ३१, भूमापन तंत्रज्ञ, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्यामागे काय कोणाचे ते इथे ठरवून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

घर आणि गाडी. दोन खोल्यांचे घर व गाडी आंटी वायोरा हिला. आई ऑस्ट्रेलियाला गेल्यावर तिने मला वाढवले. गाडीचा मागचा दरवाजा आतून उघडत नाही. हे तिला माहीत आहे, तरी दर वेळी ती माझ्यावर ओरडते.

दुर्बीण व तिपाई. हीही आंटीलाच. तिने आयुष्यात एक पक्षी मोजलेला नाही, पण बांधावर मोकळे सोडलेले कुत्रे तिच्याइतके कोणी परतवलेले नाहीत. मागच्या वर्षी एका पाहुण्याला ती म्हणाली, "तुमचं कुत्रं खेळतंय हो, पण त्या पाखराला आठ दिवस न थांबता उडायचंय. तुम्ही तर गाडीपासून इथवर येताना दोनदा बसलात." दुर्बीण तिच्या हाती शोभेल.

कामाची हत्यारे. मोजमापाची साधने कार्यालयाची आहेत, ती परत करावीत. पोलादी टेप माझी आहे. ती ब्रेंडाला द्यावी. सही करण्यापूर्वी मोजण्याची सवय लागली तर बरे.

वह्या. पेन्सिलीने लिहिलेल्या अकरा वह्या. घरी येऊन आठवून लिहिलेली एकही ओळ त्यांत नाही. या वर्षीच्या निघण्याच्या नोंदी: १४ मार्च, ४१ पक्षी, संध्याकाळी ६.१०. १९ मार्च, ८८. २२ मार्च, ६४. यांतले तीन खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले आणि पुन्हा खायला लागले. ते तिघे २७ मार्चला गेले. वह्यांची नक्कल ज्याला हवी त्याला द्यावी. मूळ वह्यांचे काय, ते पुढच्या कलमात.

कुरण. हे नीट वाचावे.

बांधामागचे पावणेदोन हेक्टर कुरण माझे आजोबा, कोरो हेमी, यांनी मेंढ्या कातरून मिळवले आणि माझ्या नावे केले. भरती ३.४ मीटरच्या वर गेली की पूर्ण भरतीच्या वेळी कुआका तिथेच येऊन थांबतात.

बांधावर गाड्यांना आणि कुत्र्यांना बंदी आहे ती मोजणी दोन हजारांवर आहे म्हणून. मी सही नाकारली तेव्हा डेस्मंड बांधावरच म्हणाले, "पोरी, बाराशेचा आकडा दिलास तर सहा महिन्यांत इथे बोटींचा धक्का होईल. पाखरांसाठीच करतोय ना मी?"

मी म्हटले, "तुम्ही एकच थवा दोनदा मोजलाय."

"मी अडतीस वर्षं मोजतोय. तुला दहा-दहाचे गठ्ठे करून मोजायला कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. थवा उठला की पहिला आकडा खोडायचा, हेही तुम्हीच शिकवलंत."

यावर ते चहा प्यायला गेले. पुढच्या आठवड्यात मोजणाऱ्यांच्या यादीतून माझे नाव गेले.

मी जुन्या वह्या आणि भरतीची कोष्टके जुळवून पाहिली. गेल्या नऊ शरद मोजण्यांपैकी सहा ३.४च्या वरच्या भरतीला झाल्या, म्हणजे उत्तर टोक बुडून थवा दक्षिणेला सरकतो तेव्हा. सहाही वेळा हीच चूक. त्यांतल्या चारांवर माझी सही आहे. तो दोष माझा आहे आणि मी तो लेखी कबूल करते. पक्षी नऊ वर्षांत निम्म्याने कमी झाले आणि आमच्या वहीत ते अजून बसलेले आहेत. कागदावर जे कमी झालेच नाहीत त्यांचा शोध कोण घेणार?

तेव्हा: कुरण मोजणी मंडळाला द्यावे, कायमचे, कुंपणासह. तिथे धक्का होऊ शकत नाही, मग आकडा काहीही असो. अट एकच. त्याआधी नोंदवहीत ८ मार्चपुढे १,२७० हा आकडा शाईने लिहावा, खाली डेस्मंड यांची सही असावी, आणि मंडळाच्या पुढच्या वार्षिक जेवणाला तो सगळ्यांसमोर वाचावा. माझी सही या कागदावर आहे, ती धरावी. अट पाळली तर मूळ वह्याही मंडळाच्या. नाही पाळली तर कुरण आणि वह्या आंटीच्या. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मी तिथे मेंढ्या ठेवीन, पाखरं ठेवीन, आणि त्या म्हाताऱ्याला फाटकाबाहेर ठेवीन." हे तिच्याच शब्दांत नोंदवते.

अंत्यविधी. साधा. मी पक्ष्यांसारखी उडून गेले, असे कोणी बोलू नये. पक्षी पोहोचण्यासाठी जातात.

कार्यवाह. डेस्मंड कार्गिल. हे मृत्युपत्र त्यांनी अमलात आणावे, वर लिहिले ते सगळे असूनही. मी अकरा वर्षांची असताना पावसात स्वतःचा कोट दुर्बिणीवर घालून ते मला मोजू देत आणि स्वतः भिजत. ज्या कागदावर ते स्वतः सही करतात त्याचा शब्द ते मोडत नाहीत, हे मला माहीत आहे. दोन सह्यांच्या नियमाखालीही त्यांची सही आहे, म्हणूनच माझी जागा रिकामी न सोडता त्यांनी ब्रेंडाकडून सही करून घेतली. त्यांनी नकार दिला तर कार्यवाह आंटी वायोरा.

सही: रोइमाता पेने

आम्हा दोघांसमोर, एकाच वेळी, तिने सही केली. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार: १. कीथ ऑल्सोप, औषधविक्रेता. २. मेरेआना टूटाकी, परिचारिका.
ताउमाटाई, बुधवार, १५ एप्रिल २०२६

(सहीखालचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही.)

डेस, ही प्रत तुमच्यासाठी. कार्यवाह होणार की नाही, ते शुक्रवार, २४ एप्रिल, सायंकाळी पाचपर्यंत लेखी कळवावे. हो किंवा नाही, एवढे पुरे. प्रकृतीची चौकशी करू नये.