झुंबरावरून उडी मारणारा मीच

२ सप्टेंबर १९९५, शनिवार. बरबँक.

न्याय झाला. चाळीस वर्षं लागली, पण झाला.

ग्लेनडेलच्या जुन्या थिएटरच्या व्यवस्थापक ओडेसा प्रुइट यांचं पत्र आलं. 'टोपीवाल्याची तलवार' या आमच्या चित्रपटाला चाळीस वर्षं होताहेत. १ ऑक्टोबरला दुपारी दोन वाजता खास खेळ, नव्याने साफ केलेली प्रत. पुढचं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवतो : "ते तुम्हीच, हे आम्हाला आत्ता कळलं. दर वर्षी सगळं थिएटर तुमच्या त्या क्षणाची वाट पाहत असतं. कृपा करून या वेळी स्टेजवर या."

कोणता क्षण ते लिहिलेलं नाही. आकाशात सूर्य उगवला असं लिहिताना कोणता सूर्य ते कोणी लिहितं का?

एक भित्रा टोपीवाला. त्यालाच राज्यातला पहिल्या नंबरचा तलवारबहाद्दर समजून राजवाड्यात नेतात. सैन्य मागे लागतं तेव्हा तो सज्ज्यावरून झुंबराला लोंबकळतो आणि सरळ ड्यूकच्या मेजवानीत, पुडिंगमध्ये उतरतो. पडद्यावर त्या वेळी पाठ दिसते. नायक रॉली मॅकब्राइड यांची नव्हे. माझी. मी डबल होतो, धोक्याच्या दृश्यांत नायकाच्या जागी उभा राहणारा.

पत्र बायकोला, लोरेटाला, तीनदा वाचून दाखवलं. ती खिडकीच्या पडद्याला दुमड घालत होती. तिने विचारलं, कोणता क्षण. मी पत्र चौथ्यांदा उघडलं. तिने दाताने दोरा तोडला.

५ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.

संकल्प. दहा पौंड उतरवायचे. डोनट बंद. पुढचा पाय वाकवून तलवारीचा पवित्रा, रोज दोनशे वेळा. स्टेजवर नुसता हात हलवून परत येणाऱ्यांतला मी नाही. उडी मारून दाखवणार.

सकाळी ७.२०. आज अकरा. संख्येपेक्षा शुद्धता महत्त्वाची.

६ सप्टेंबर, बुधवार.

मॅग्नोलिया रस्त्यावरच्या डोनटच्या दुकानात फक्त कॉफीसाठी गेलो. व्हर्न दाब्रोवस्की नेहमीच्या खुर्चीत होता. तोही तेव्हा डबलच. अर्धं डोनट त्याने माझ्यापुढे सरकवलं. नाही म्हटलं असतं तर चाळीस वर्षांच्या मैत्रीचा अपमान झाला असता.

पत्र दाखवलं. व्हर्न म्हणाला, पत्ता चुकला असेल. म्हणजे त्याचं ते जुनंच : उडी माझी नाही, त्याची. गुरुवारच्या तालमीत आम्ही दोघांनीही ती मारली होती, हे खरं. शुक्रवारी कॅमेऱ्यापुढे कोणी मारली, त्यावर चाळीस वर्षं वाद. आमच्या धंद्याचा नियमच असा की डबलचं तोंड दिसलं की डबल घरी. म्हणून पुरावा म्हणाल तर एक पाठ.

स्वतःची पाठ मी ओळखणार नाही तर कोण?

संध्याकाळी दोन आरसे लावून खात्री करून घेतली. पाठ बरीच बदलली आहे. पण मूळ वृत्ती तीच.

११ सप्टेंबर, सोमवार.

ओडेसाबाईंचा फोन. आवाजात आदर. म्हणाल्या, येणारे सगळे लाकडी चमचे घेऊन येतात, दहा वर्षांचा रिवाज आहे, विसरणाऱ्यांसाठी दाराशी थोडे ठेवावेत का. मी म्हटलं, अवश्य ठेवा. अर्थ उघड आहे. चमचे म्हणजे तलवारी. उडी पडली की चारशे तलवारी वर. डोळे पाणावले. (दहा वर्षांत मी एकदाही गेलो नाही. आमंत्रण नसताना जाणारा मी नव्हे.)

पुढे त्यांनी विचारलं, भाला पेलवेल का. मी म्हटलं, भालाच काय, ड्यूकला उचलतो. बाई खूप वेळ हसल्या. भाला स्टेजच्या सजावटीसाठी असावा.

भाल्यावरून आठवलं. त्या चित्रपटात मी आणखी एका ठिकाणी आहे. चौथ्या रिळात, दरवाज्यावरचा पहारेकरी. सांगण्यासारखं त्यात काही नाही. टीव्हीवर चित्रपट लागला की तिथे मला नेहमी तहान लागते.

१४ सप्टेंबर, गुरुवार.

सोफ्याच्या हातावरून गालिच्यावर उडी. पद्धतशीर सराव. उंची कमी असली तरी तत्त्व तेच.

दिवा फुटला. दिव्याची जागा चुकीची होती, हे मी पूर्वीच सांगितलं होतं. लोरेटाने काचा गोळा केल्या आणि विचारलं, स्टेजवरही दिवा असणार का. ही बाई वीस वर्षं स्टुडिओच्या कपडेपटात होती. मोठमोठ्या नटांना उघडं पाहिल्यामुळे तिला कशाचंच कौतुक उरलेलं नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार.

गुडघ्याने असहकार पुकारला. डॉक्टरांनी विचारलं, काय करत होता. खरं सांगितलं. त्यांनी वय विचारलं. सहासष्ट. ते त्यांनी कागदावर लिहिलं आणि खाली रेघ ओढली. उडी बंद, जिने बंद, वाकणं शक्यतो बंद.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी चित्रपट पाहिलेला नाही.

वजन : दोन पौंड वाढलं. स्नायूंना वजन असतं.

२६ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ३.

व्हर्न आज एक वाक्य बोलला आणि मी डोनट अर्धंच ठेवलं. म्हणाला, "अरे डेल, नव्या प्रतीत म्हणे घोड्याच्या पापण्या मोजता येतात. चाळीस वर्षं आपण दोघं जुन्या प्रतीतल्या धुक्याच्या जिवावर जगलो रे. आता काय?"

मी म्हटलं, दोघं नाही. तू.

घरी येऊन बसलो आहे. शांतपणे विचार करू. शुक्रवारी सकाळी मी सेटवर होतो, नक्की. सज्ज्याच्या पायऱ्या चढलो, नक्की. वरून खाली पाहिलं, नक्की. मग खाली होतो. मधलं नीट आठवत नाही, पण वर असलेला माणूस खाली आला म्हणजे मध्ये उडी असणारच. पायऱ्यांनी उतरलो असतो तर पायऱ्या आठवल्या असत्या.

थोड्या आठवतात.

न्हाव्याला सांगितलं आहे. दंतवैद्याला, तोंडात त्याचे दोन्ही हात असताना सांगितलं आहे. बोलिंगच्या क्लबात तर मला 'झुंबर' म्हणूनच हाक मारतात. त्या उडीनंतर स्टुडिओने माणसं कमी केली आणि मी बत्तीस वर्षं कुलपं विकली. कुलपांबद्दल मला कोणी कधी काही विचारलं नाही. ती उडी माझी नसेल तर मग डेल्बर्ट फ्रेली नावाच्या माणसाने सहासष्ट वर्षांत केलं काय?

हे पान फाडून टाकायचं आहे. उद्या.

२९ सप्टेंबर, शुक्रवार.

ओडेसाबाईंना फोन केला. छतातून एक मजबूत दोर सोडता येईल का, अशी साधी विचारणा. आधी त्या हसल्या, मग विमा कंपनीचं नाव घेतलं. दोर नाही तर टेबल? टेबलही नाही. तुम्ही नुसते उभे राहा, म्हणाल्या, लोकांना तेवढंच हवंय. उडी मारणाऱ्याला उभं राहा म्हणतात!

नवा बेत. स्टेजच्या कडेवरून पहिल्या रांगेत. तीन फूट. गुडघ्याला कळवलेलं नाही.

१ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.

सूट घातला. पट्टा शेवटच्या भोकात. उद्या लिहीन ते विजयाचं वर्णन असेल.

१२.४०. लोरेटा गाडीत बसून आहे. मी अजून न्हाणीघरात. पाठ पुन्हा एकदा पाहिली.

२ ऑक्टोबर, सोमवार.

क्रमाने लिहितो, म्हणजे मनाला कमी लागेल.

थिएटर भरलेलं. चारशे माणसं, सगळ्यांच्या हातात लाकडी चमचे. टोपीवाला वाक्य बोलायच्या आधी लोकच बोलत होते. आजोबा, नातवंडं, टोप्या घालून आलेलं एक आख्खं कुटुंब. व्हर्नही आला होता, दोन खुर्च्या सोडून, तिकीट काढून.

चौथं रीळ लागलं. मी पाणी प्यायला उठलो. ओडेसाबाईंनी खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाल्या, बसा, आलाच तुमचा क्षण.

पडद्यावर दरवाजा. पहारेकरी ताठ उभा. सैन्य दौडत जातं. पहारेकऱ्याची विजार घसरायला लागते. तो एका हाताने ती पकडतो, दुसऱ्या हातातला भाला खाली पडतो. मग तो सरळ कॅमेऱ्यात बघतो. पापणी लवेपर्यंतच, पण बघतो. चोरी करताना आईने पाहिलं का, हे बघावं तसा. मग भाला उचलतो आणि काही झालंच नाही असा उभा राहतो.

चारशे चमचे एकदम जमिनीवर पडले.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मग लोक उभे राहिले. आणि त्या गोंगाटातच झुंबराचं दृश्य आलं. नव्या प्रतीत पापण्या खरंच मोजता येतात. हवेत असताना त्या माणसाने मान वळवली. नायक रॉली मॅकब्राइड. स्वतः. तोंड वासलेलं, खऱ्याखुऱ्या भीतीने. मी व्हर्नकडे पाहिलं. तो मांडीवरच्या टोपीत बघत होता.

उडीला कोणी टाळी वाजवली नाही. लोक अजून चमचे शोधत होते.

मग मला स्टेजवर नेलं, हातात भाला दिला. माइकवर ओडेसाबाई म्हणाल्या, "मिस्टर फ्रेली, टोपीवाला घाबरतो आणि शेवटी शूर होतो. ते सिनेमात. तुम्ही घाबरता, पाडता, उचलता आणि पुन्हा उभे राहता. सोमवारी सकाळी आम्ही सगळे तेच करतो. म्हणून दर वर्षी येतो." आणि म्हणाल्या, एकदा पाडा ना.

मी पाडणार नव्हतो. दोन्ही हातांनी घट्ट धरला. इतक्या वर्षांत एवढं घट्ट काही धरलं नसेल. कोणीतरी खोकलं. मी तीन फुटांची कड पाहिली, उडीसाठी पुढचा पाय वाकवला, आणि गुडघा गेला. गुडघा धरायला हात सुटला. भाला पडला. मी लोकांकडे पाहिलं. तेच तोंड असणार. माझ्याकडे दुसरं नाही.

पुन्हा चारशे चमचे.

परत येताना गाडी लोरेटाने चालवली. मी खिडकीबाहेर बघत होतो. मॅग्नोलिया रस्ता लागला तेव्हा ती बोलायला लागली. कपडेपटात गर्दीतल्या माणसांचे कपडे माणसाच्या मापाने नाही, नंबराने शिवायचे. जो येईल त्याने घालायचे आणि सैल झालं तर पिन लावायची. एक्केचाळीस नंबरची विजार एका जाड्यासाठी होती. तो आला नाही, मी आलो. पिन लावायचं काम तिचं होतं. पिन हातात घेऊन ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि लावायची विसरली.

मी विचारलं, मग इतकी वर्षं मी झुंबराचं सांगत होतो तेव्हा बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुला आवडत होतं ते. आणि उडी मारणाऱ्याशी मी लग्न केलंच नव्हतं, डेल्बर्ट. मी दिलेली विजार पकडून 'मॅडम, हिचं काहीतरी करा' म्हणत आलेल्याशी केलं."



४ ऑक्टोबर, बुधवार.

व्हर्नचा फोन. दोन दिवस विचार केल्यावर त्याला आता स्पष्ट आठवतं की दरवाज्यावर त्या दिवशी तो होता. भाला त्याचा.

तोंड दिसतंय माझं, मी म्हटलं. चारशे लोकांनी पाहिलंय. तो म्हणाला, तेव्हा आपण सगळे तसेच दिसायचो.

हे सहन करणार नाही. लोरेटाला म्हटलं, साक्ष दे, विजार माझी होती. तिने विचारलं, कोणती विजार. आणि दोरा तोडला.

संकल्प. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणार आहेत. पाडण्यातही कला असते. भाल्याच्या जागी झाडू. रोज दोनशे वेळा.

आज एकदा पाडला. उचलायला लोरेटाला बोलवावं लागलं.