भिंतीवरचं विरजण

६ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचे बोगोरला! घर भाड्याचं आहे, छपराला पत्रे आहेत, पण सासूच्या नजरेबाहेरचं आहे, आणखी काय हवं? सहा वर्षांच्या इमासने सामान उतरायच्या आत सगळ्या खोल्या पळून मोजल्या. मागची खोली तिची. स्वयंपाकघर माझं आणि माझ्या बांबूच्या सुपांचं. नवरा, दार्सा, आम्हाला सोडून लगेच जकार्ताला गेला. ट्रक चालवतो, आता शनिवारी उगवेल.

शेजारच्या ओदाह तळलेली केळी घेऊन आल्या. वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना तेह म्हणते. भिंतींकडे बघून म्हणाल्या, बाई गं, बुरशी फार आहे, आधी ब्लीचने घासून काढ. मला हसूच आलं. म्हटलं, तेह, सुमेदांगला आमच्या चार पिढ्या ओंचोम करतात. टोफूच्या चोथ्यावर केशरी बुरशी चढवायची आणि त्याच्या वड्या विकायच्या. मला कसली बुरशीची भीती घालता!

८ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं घर तपासलं. चपलांवर आणि नमाजाच्या चटईवर हिरवी पूड आहे, ती ऊन दाखवलं की जाते. मोरीत काळी चिकट, तिला घासण्यावाचून उपाय नाही. दाराच्या चौकटीवर पांढरी, कापसासारखी. लाकूड ओलं आहे एवढंच ती सांगते बिचारी.

इमासच्या पलंगामागे मात्र केशरी आहे. भिंतीवर केशरी मी जन्मात पाहिली नव्हती. तिला खायला लागतं, आणि सिमेंटात खाण्यासारखं काय आहे? पण रंग काय सुंदर! आईच्या हातच्या ओंचोमलाही असा कधी आला नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

गावाहून आणलेलं विरजण वाटेत मेलं. दोन घाणे नासले, चोथा आंबून वास मारतोय. सोमवारी बाजारात माल द्यायचा शब्द दिलाय. शेवटी चमचा घेतला आणि पलंगामागची केशरी खरवडली. का नाही? बुरशी ती बुरशी, आणि मी तिला ओळखते.

१३ नोव्हेंबर, रविवार

एका रात्रीत चढली! एरवी दोन दिवस लागतात. पहिल्या वड्या तळल्या, त्या इमासने हावरटासारख्या एकटीनेच संपवल्या.

काल दार्सा आला होता. त्यालाही ती भिंत खुपली. घासून टाक म्हणाला. आठवडाभर तिकडे बसायचं आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या! मी ठणकावून सांगितलं की आमच्यात विरजणाचं सूपसुद्धा कधी धुवत नाहीत. धुतलं की धंदा धुतला. तो म्हणाला, मग भिंतीशीच संसार कर. बोलणं लागलं मला. अजून लागतंय.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

इमास खोकतेय. दवाखान्यातली कालची पोर, डॉक्टर म्हणे, मला बुरशीवर भाषण देते! औषध घेतलं आणि आले. पलंग तेवढा पुढच्या खोलीत हलवला. दार्सा या शनिवारी येणार नाही, लांबची खेप आहे म्हणे.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पलंगामागे केशरी. पुढच्या खोलीत. काल ती भिंत कोरडी होती, मी हात लावून पाहिली होती.

इमासच्या उंचीएवढीच आहे. इमास भिंतीकडे तोंड करून झोपते. भात नको, अंडं नको, फक्त ओंचोम.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

तिच्या नखांखाली केशरी आहे. धुतली तरी जात नाही.

दुपारी जवळ बसून पाहिलं. ती श्वास सोडते तेव्हा भिंतीवरून पूड उडते. ती श्वास घेते तेव्हा — भिंत आत — नाही, मला भास होतोय. दोन रात्री झोपले नाही मी.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

ओदाह तेहकडून ब्लीच आणलं. हातभर भिंत पुसली, आणि इमासचा श्वासच थांबला. ओठ निळे. फडकं टाकलं तेव्हा कुठे — मग आला परत.

पुन्हा बोटभर पुसून पाहिलं. पुन्हा तेच.

मीच भरवली तिला. माझ्या हाताने, तळून, कौतुकाने. चार पिढ्यांची अक्कल जळो माझी.

२६ नोव्हेंबर, शनिवार

दार्सा सकाळीच आला. ओदाह तेहनी फोन केला असणार. ब्लीचचे दोन डबे आणि तारेचा ब्रश. मी आडवी पडले, पाय धरले, म्हटलं भिंतीला हात लावू नको, ती मरेल. म्हणाला, पोरीपेक्षा तुला बुरशी प्यारी. मला ढकलून आतून कडी घातली. इमास आतच —

पत्र्यावर पाऊस. माझं ओरडणं त्याला ऐकू जात नाही. हे पान फाडून दाराखालून सरकवते —

दार्सा, धंद्यासाठी नाही रे. शपथ घेते. घासू नकोस, आधी पोरीकडे बघ. भिंतीकडे नको, तिच्या ओठांकडे बघ. तुझंच बरोबर होतं, पहिल्या दिवशी घासायला हवं होतं, सगळी चूक माझी, पण आता नको, आता ती आणि भिंत एकच —

ब्रशचा आवाज येतोय. तिचा खोकला ये