चहा नसलेली केटली

उस्ताद, आज तुमच्यावर इतका राग आलाय की समोर असता तर सलामसुद्धा केला नसता. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण राग अजून गरमच आहे.

आज सकाळी मुऐदरच्या आपल्या बंदूक-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये एक कतारी गिऱ्हाईक आजोबांची रायफल घेऊन आला. जुन्या लष्करी पेटीतली काडतुसं झाडून आला होता. मी आधी केटली चढवली. हाताखालची पोरं हसायला लागली, "बाबाजी, बंदूक को चाय पिलाओगे?" मी त्यांना जवळ बोलावून सांगितलं, ह्या जुन्या काडतुसांच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी असते ना, प्रायमर, ती जळली की नळीत मीठ सोडते. ते मीठ तेलाने हलत नाही. उकळतं पाणी ओता, कोरडं करा, मग तेल लावा. खलास. दोन मिनिटं लागली.

दोन मिनिटं, उस्ताद! तेवढी तुमच्यापाशी नव्हती?

तेव्हा समैस्म्याच्या किनाऱ्यावर आपल्या मालकाच्या वडिलांची रायफल असल्याच जुन्या काडतुसांनी चालली आणि तुम्ही ती माझ्या हातात देऊन सुट्टीवर गावाला गेलात. मी तिला पोटच्या पोरीसारखं जपलं, तीन-तीनदा तेल दिलं. मीठ आत, वरून तेल, आणि बाहेर ऑगस्टची घामट हवा. महिन्याने तुम्ही परत येता, नळी उजेडाला धरता. आत लालभडक गंज. मालक शेजारी उभा. तुम्ही त्याला म्हणता, "साफ इसने किया था." मग माझ्याकडे वळून आपल्या बोलीत, "नुसतं तेल चोपडून काम होतं होय रे?" मग कशाने होतं, ते मात्र तोंडातून निघालं नाही. त्या दिवसापासून माझ्या हातून हत्यारं गेली. आठ वर्षं मी उन्हात निशाण्याच्या फळ्या वाहिल्या. लोक मला गंजवाला म्हणायचे.

तुम्ही गेल्यावर तुमचा खण मी उपसला. त्यात लांब नळीचं नरसाळं होतं, उकळतं पाणी ओतून ओतून आतून पांढऱ्या पुटाने भरलेलं. मी ते उजेडाला धरलं. म्हणजे जुनी काडतुसं झाडलेली बंदूक आली की "जा, जेवून या" म्हणून आम्हाला हाकलून तुम्ही कडी लावायचात ते ह्यासाठी! आम्ही म्हणायचो, म्हातारा केटली चढवून एकटाच चहा ढोसतो. अहो, आपण खाडीकाठच्या गावची माणसं. मीठ कशाने जातं हे मला शिकवायची गरज नव्हती, मीठ आहे एवढंच सांगायचं होतं.

हे पत्र कुठे धाडणार? त्या नरसाळ्यात गुंडाळून ठेवतो.

एक मात्र कुणाला सांगितलं नाही. सुट्टीवर निघताना, हातात बॅग, तुम्ही दारात थांबला होतात. "काही विचारायचंय?" म्हणालात. माझी नजर तुमच्या त्या केटलीवर गेली होती. तरी मी म्हणालो, "मला सगळं येतं, उस्ताद."