न जुळलेली सही

मी, इंदूबाई वाल्मिक ठोंबरे, वय अडुसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार भिवपुरी, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो लागेल असं वकिलांनी सांगितलं. माझ्या यजमानांचीही बुद्धी शाबूत होती. ती नाही, असं कर्जतच्या एका बँकेत भर रांगेसमोर ठरवलं गेलं. त्या बँकेचं नाव मी इथे लिहीत नाही.

यजमानांचं नाव मी जन्मभर फक्त उखाण्यात घेतलं. इथे कायद्यासाठी लिहिते: कैलासवासी वाल्मिक ठोंबरे, खोपोलीच्या कारखान्यात फिटर. गाव त्यांना तात्या म्हणायचं.

१. घर. भिवपुरीतलं राहतं घर, मागच्या परसासह, माझ्या नावावर आहे. ते मुलगी किरण आणि मुलगा राजेश यांना समसमान द्यावं. किरण खोपोलीला सासरी आहे, राजेश शेलूला स्वतःच्या फ्लॅटमध्ये. दोघांपैकी कोणी इथे राहायला येईल असं वाटत नाही. विकलं तरी माझी हरकत नाही. मात्र खिडकीखालचा लोखंडी पलंग भंगारात घालू नये. तात्या शेवटी त्यावर होते. कोणाच्या आजारपणात लागला तर द्यावा.

२. शिल्लक. तात्यांच्या खात्यातून वारस म्हणून मला जे मिळालं ते पोस्टात ठेवलं आहे. त्यातून माझा शेवटचा खर्च करून उरेल ते किरणला द्यावं. हे पैसे इतक्या उशिरा का मिळाले, ते मुलांना अर्धंच ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

तात्यांना लकवा झाला. उजवा हात आणि वाचा गेली. डोकं मात्र स्वच्छ होतं. भाजीत मीठ कमी पडलं की ताट बोटभर पुढे सरकवायचे. कर्जतचे एक डॉक्टर घरी येऊन हाताचा आणि जिभेचा व्यायाम घेत. तीन-चार महिन्यांत तात्या ‘पाणी’ म्हणायला लागले, मग ‘किरण’. माझं नाव येत नव्हतं. त्यावरून आम्ही दोघं हसायचो.

पैसे सगळे त्यांच्या एकट्याच्या खात्यात. एटीएम कार्डाची मुदत संपली आणि नवीन कार्डाला त्यांची सही हवी होती. ते डाव्या हाताने सही शिकले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे गिरवत बसायचे, लहान मुलासारखी जीभ दातांत धरून. त्या सहीचा चेक डॉक्टरांना दिला. सही जुळत नाही म्हणून परत आला. दुसराही आला. दोन्ही वेळेला बँकेने दंड कापला, वर त्यावरचा कर. डॉक्टरांनी काही दिवस उधारीवर येणं चालू ठेवलं. मग मी कानातल्या कुड्या मोडल्या. तेही संपल्यावर ते यायचे थांबले. त्यांना मी दोष देत नाही.

बँकेत जाऊन सांगितलं, कोणी घरी येऊन बघा. अधिकारी म्हणाले, "आमच्याकडे माणूस नाही. खातेदाराला घेऊन या."

बँक पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. ठाकूरवाडीच्या नवनाथ पादीर यांनी आपल्या टेंपोत गादी टाकून तात्यांना नेलं आणि पाठीवर घेऊन जिना चढले. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट मागून घेतला होता. दाढी करवून घेतली होती. दुपारपर्यंत आम्ही बाकावर बसलो. आधी यंत्रणा बंद होती, मग जेवणाची सुट्टी झाली.

नंबर आल्यावर अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "यांना समजतं का काही?"

"सगळं समजतं, साहेब. बोलणं तेवढं नीट येत नाही. तुम्ही त्यांनाच विचारा."

"यांचं नाव काय?" हेही मलाच.

"त्यांना विचारा ना, साहेब."

तात्यांनी ऐकलं होतं. मान ताठ केली. "वा... वा..." एवढंच आलं. ओठ हलत होते, घाम फुटला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "आटपा ना आता, आमालाबी कामं हायेत." तात्यांनी पेन मागितलं. डाव्या हाताने, सावकाश, सबंध नाव लिहिलं. एक अक्षर चुकलं नाही. अधिकाऱ्यांनी कागद पडद्यावरच्या सहीशी ताडून परत सरकवला. "जुळत नाही. बाई, मानसिक स्थितीचा दाखला किंवा कोर्टाचा हुकूम आणा. तोपर्यंत खात्यावरचे व्यवहार थांबवतो. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"आणि दंड कापलात तो?"

"तो आम्ही नाही कापत. सिस्टिम कापते."

एवढ्या वेळात त्यांनी एकदाही तात्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

जिना उतरताना नवनाथ थांबले. म्हणाले, "काकी, तात्या रडतान गं. माजी पाठ भिजली." मी मागे होते. मला फक्त पांढरं डोकं दिसत होतं.

त्या दिवसानंतर तात्यांनी बोलायचा प्रयत्न केला नाही. पाणी हवं असलं तरी हाताने दाखवायचे. मी पेन पुढे केलं तर तोंड फिरवायचे. दाखल्यासाठी मी हेलपाटे घालत होते. तो मिळायच्या आत, भाताची कापणी चालू असताना, ते गेले. मग बँकेने मृत्यूचा दाखला एका फेरीत मान्य केला. तिथे कोणाची सही जुळवावी लागली नाही.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या खातेदाराच्या घरी बँकेने माणूस पाठवायचा असतो आणि सही येत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठाही चालतो, हे मला नंतर कळलं. मी वरपर्यंत तक्रार केली. दंडाची रक्कम परत आली. सोबतचं पत्र तात्यांच्याच नावाने होतं: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. ती रक्कम मी खर्च केलेली नाही. अंगणवाडीच्या पोरांना तिचा खाऊ द्यावा.

३. हत्यारं. तात्यांची पेटी, पाने, वाइस, ड्रिल मशीन, सगळं नवनाथ पादीर यांना द्यावं. त्या दिवसाचं भाडं त्यांनी घेतलं नाही. "तात्यांना नेलंय, भाडं कसलं?" म्हणाले. तेव्हा मी आग्रह केला नाही, कारण पदरी तेवढे पैसेही नव्हते. पेटी नेताना घरच्यांनी त्यांना आत बोलवून, बसवून चहा द्यावा. दारातून पाठवू नये.

४. माझा बिडाचा तवा समीक्षा हिला द्यावा. ही त्याच बँकेत काउंटरवर होती. तिने तात्यांसाठी हाताची खुर्ची आणली, पाण्याचा पेला ओठाला धरला आणि विचारलं, "आजोबा, पंखा लावू का?" तात्यांनी मान हलवली. तिने लावला. तिथे तात्यांशी बोललेली ती एकटी. पुढे तक्रार कुठे करायची तेही तिनेच फोन करून सांगितलं. "माझं नाव सांगू नका हं, काकू." आता तिने ती नोकरी सोडली आहे, म्हणून लिहिते. तात्यांच्या तेराव्यानंतर आली होती. तांदळाची भाकरी आवडीने खाल्ली, आणि मग रडली.

५. राजेश. त्याच्या फ्लॅटचं कर्ज त्याच बँकेचं. त्या दिवशी बरोबर ये म्हटलं तेव्हा फोनवर म्हणाला, "आई, माजा हप्ता त्यांच्याकडंच हाय गं. तू जास्त आवाज करू नको." फोन मोठ्या आवाजावर होता आणि तात्या जागे होते, हे त्याला माहीत नाही. हे वाचताना कळेल. राजेश, तुला हे सांगावं की नाही, याचा मी खूप विचार केला. तुझ्या वडिलांनी ते ऐकून माझ्या हातावर थोपटलं होतं, जाऊ दे अशा अर्थी. त्यांनी तुला तेव्हाच सोडून दिलं. मला जमलं नाही. राग अजून आहे. पण तो माझा आहे, तुझ्या वाट्याला लिहून देत नाही. घरातला अर्धा हिस्सा तुझाच.

६. त्या अधिकाऱ्यांना माझ्याकडून काही देणं नाही, शापही नाही. दुसऱ्या कलमाची एक प्रत मात्र किरणने त्यांच्या हातात द्यावी. वाचतील न वाचतील.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी किरणने करावी.

८. हे कलम इथे बसत नाही, असं वकील म्हणाले. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. म्हणून एवढं मी दोन्ही मुलांना आजच वाचून दाखवणार आहे. उद्या माझी वाचा गेली, हात गेला, मी पडून राहिले, तर माझ्याबद्दल दुसऱ्या कोणाला विचारू नका. माझ्यासमोर बसा. मला विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. थांबा.

सही: इंदूबाई वाल्मिक ठोंबरे

इंदूबाईंनी हा कागद आम्हांला मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. मग त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार:
१. आबाजी घारे, शेजारी, भिवपुरी
२. डॉ. ऋषिकेश थोरवे, कर्जत

स्थळ: भिवपुरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५