एझ्राच्या घरातल्या चार चुली

इंदूर, गुरुवार

तीर्थरूप आनंदीआत्यास,

श्रीपादचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? हवा चांगली म्हणून तू देवासला राहतेस आणि दर पत्रात त्याच हवेला शिव्या घालतेस, त्यावरून तब्येत खणखणीत असणार असं धरून चालतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू अर्ध्यातच 'बरं, ठेव' म्हणतेस, आणि ही गोष्ट अर्ध्यात ठेवली तर मधुरिमाचं लग्न मोडेल.

तर तुझ्या या नातीने पसंत केलेल्या डॅनियलच्या घराण्याची चौकशी तू माझ्यावर सोपवलीस, ते उत्तम केलंस. (दुसऱ्या कोणावर सोपवणार? आपल्या शरच्चंद्रला स्वतःच्या व्याह्यांचं नाव आठवत नाही.) स्थळ बेटम्याचं असो की राऊचं, एक चक्कर मारली, चार घरी चहा प्यायला, की मुलाच्या पणजोबांपर्यंतची माहिती फोकटमध्ये मिळते. हे स्थळ पडलं अमेरिकेत, युटाला. तिथे चक्कर कोण मारणार? मी मुलालाच सांगितलं, भिया, घरातले जुने कागद पाठव. त्याने खापरपणजोबांची, एझ्राची, रोजनिशी आणि पत्रं ढिगाने पाठवली. हे लोक मॉर्मन पंथाचे. दारूला शिवत नाहीत हे ऐकून तू खूश झाली होतीस. चहालाही शिवत नाहीत, हे मी तेव्हा बोललो नव्हतो. आता बोललो.

जमिनीचे जुने कागद वाचण्यात माझी अख्खी नोकरी गेली, तेव्हा अक्षर कितीही किरटं असो, मी हटणारा नव्हे. एझ्रा माणूस एकदम जबरी! बैलगाडी जुंपून हजार मैल आला, उजाड माळावर पाट खणला, जर्दाळू लावले. घरात चुली चार. हॅना, मार्था, लिडिया, फॅनी अशा चार बाया, पोरं तर मोजवत नाहीत, आणि दर वर्षी चौघींना एकाच ताग्यातलं कापड, म्हणजे रुसवेफुगवे नकोत. आता तूच सांग, हे वाचून कुठल्याही शहाण्या मराठी माणसाला काय वाटेल? मी फटाफट वंशावळ आखली: हॅना बायको, मार्था थोरली वहिनी, लिडिया विधवा बहीण, फॅनी शिकायला राहिलेली भाची. आदर्श एकत्र कुटुंब! तुला तसं कळवलं. इथल्या मराठी मंडळाच्या सभेत व्याख्यानही ठोकलं, टाळ्या पडल्या. पद्मजा (माझ्या व्याख्यानांना ती येत नाही, नेमकी या वेळी आली) घरी येऊन म्हणाली, अहो, त्या वहिनीला पोरं एवढी होतायत, मग तिचा नवरा कुठेच कसा दिसत नाही? मी म्हटलं, तुला संशोधनातलं काय कळतंय.

वंशावळ मी ऐटीत डॅनियलच्या आजीला, रूथबाईंना, धाडली. परवा उत्तर आलं. आत्या, आधी पाणी पिऊन घे. त्या चौघीही एझ्राच्याच बायका. आणि एकाच वेळी.

घाबरू नकोस. त्यांच्या पंथाने ती चाल सव्वाशे वर्षांपूर्वीच बंद केली, आणि डॅनियलला एका मधुरिमापुढे तोंड उघडता येत नाही, चार कुठून झेपणार? उलट मी म्हणतो, ज्यांनी हे कागद जाळले नाहीत, मागितल्याबरोबर काढून दिले, त्यांच्या घरात मुलगी डोळे मिटून द्यावी. माझं संशोधन मुळात बरोबरच होतं, फक्त नाती चुकली. तेव्हा तुझा होकार कळव. पोरीच्या आईने सराफ्यात पाटल्या दोनदा बघून ठेवल्यात आणि तुझा शब्द नाही म्हणून हात हलवत परत आली. पोरगी धड जेवत नाहीये.

तुझा,
श्रीपाद

ता. क. यातलं मंडळातल्या कोणाला कळू देऊ नकोस. त्याच विषयावर पुढच्या महिन्यात माझं दुसरं व्याख्यान ठरलंय.

आणखी एक ता. क. रूथबाई माझ्यावर चिडल्यात, पण चार बायकांवरून नव्हे. त्या स्वतः लिडियाची नात. लिहितात, माझी आजी तिसरी बायको होती, तिला बहीण करून टाकू नका; कायद्याच्या धाकाने हयातभर लोकांसमोर तिला असंच काहीबाही म्हणवून घ्यावं लागलं. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

शेवटचं. आता त्यांनी आपली वंशावळ मागितली आहे. मी लिहायला बसलो. आजोबांच्या शेजारी माझ्या आजीचं नाव घातलं, आणि तुझ्या आईपाशी येऊन हात थांबला. दोघी एकाच घरात नांदल्या, आणि धाकटीला आम्ही सगळे 'मावशी' म्हणत राहिलो. तूसुद्धा. आत्या, होकार द्यायचा की नाही ते तू ठरव. पण तुझ्या आईचं नाव काय होतं, तेवढं उलट टपाली कळव.