एकाच टाकीतला मासा

आबा, तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली, तरी तुमच्याशी माझं एक भांडण अर्धवट राहिलंय. तेव्हा शेवटचा शब्द तुमचा होता आणि मी चहाचा कप विसळत गप्प बसले. आज मी बोलणार आहे, आणि मधे तोडायला तुम्ही नाही.

माझी नोकरी काय, हे गावात तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. ‘पोरगी मासळी तपासती’ एवढंच सांगायचात, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं मी मासा ताजा आहे का ते हुंगत फिरते. खरं काम वेगळं होतं. समुद्रातला मासा संपू नये म्हणून काही ठिकाणचे मच्छीमार मोठ्या आसाची, म्हणजे रुंद भोकांची, जाळी वापरतात, पिल्लं परत सोडतात, विणीच्या दिवसांत बोटी किनाऱ्याला ओढून ठेवतात. त्यांच्या माशाला एक शिक्का मिळतो आणि परदेशातलं गिऱ्हाईक त्या शिक्क्यासाठी जास्त किंमत देतं. बोटीपासून पाकिटापर्यंत तो मासा तोच राहतो, वाटेत दुसरा कुठला त्यात मिसळत नाही, हे बघणं माझं काम. नोकरी लागली तेव्हा तुम्ही पौडच्या बाजारातून पुरुषी मापाचा जाड स्वेटर आणलात. “बर्फाच्या खोलीत जायचंय न्हवं? बाह्या लांब असूंदेत, हात आत घेता येत्यात.” आपल्या अख्ख्या घराण्यात कुणी समुद्र धड पाहिला नव्हता, आणि तुम्ही माझ्या थंडीची काळजी करत होतात. तो स्वेटर मी कोपरं विरेपर्यंत घातला.

भांडण झालं ते उरवड्याच्या कारखान्यावरून. दोन हजार आठ साल असेल. तिथं बाहेरून गोठवलेला मासा यायचा, वितळवून, कापून, पुन्हा गोठवून परदेशी जायचा. शिक्क्याचा मासा निळ्या क्रेटमध्ये, बिनशिक्क्याचा पिवळ्या. आपल्या गावच्या बायका तिथं कापायला जायच्या, कंपनीची गाडी त्यांना न्यायला देवळापाशी थांबायची. काकूही जायची. काका गेल्यापासून तिचं घर त्याच पगारावर चाललं होतं. माझी चुलती तिथं आहे हे मी ऑफिसात आधीच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, “कामगार आहे ना, मालक तर नाही. जा तुम्ही.”

सकाळी मॅनेजरनं सगळं नीटनेटकं दाखवलं. दोन रंग, मासा वितळवायच्या दोन वेगळ्या टाक्या, भिंतीवर पाट्या. जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनला न जाता मागच्या दारानं परत आत शिरले. दोन माणसं निळे क्रेट आणि पिवळे क्रेट एकाच टाकीत ओतताहेत. कातडं काढलेले पांढरे तुकडे, एकदा पाण्यात पडले की कुठला कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. टाकीला लागून असलेल्या टेबलापाशी काकू उभी आहे, डोक्यावर पांढरी टोपी, हातात सुरी. ती माझ्याकडे बघते आणि मग खाली बघून कापायला लागते.

मॅनेजर धावत आला. “मॅडम, दुसऱ्या टाकीची मोटर जळालीय. आजच्या पुरतंच आहे. कंटेनर उद्या निघायचाय. आणि खाणाऱ्याला काय कळणारे?”

“त्याला कळणार नाही, म्हणून तर मला पाठवलंय.”

मग त्यानं आवाज खाली आणला. “तुमच्याच गावच्या बायका आहेत ह्या.”

मी जे पाहिलं ते लिहिलं. शिक्का थांबला, गिऱ्हाइकानं ऑर्डर काढून घेतली, मालकानं एक पाळी बंद केली. गाडी देवळापाशी यायची थांबली.

पुढच्या रविवारी मी घरी आले. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही डेअरीवर गावाचं दूध तपासून, मोजून घेऊन परत आलाय, आणि टोपी काढायच्या आधीच तुम्ही सुरुवात करता.

“मासा समिंदरात, आपुन डोंगरात. तुजा काय संबंध? बायांच्या पोटावर पाय दिलास तू.”

मी म्हणाले, “मग काकांच्या दुधात पाणी निघालं, तेव्हा सख्ख्या भावाचं दूध तुम्ही का परत केलं होतं?”

तुम्ही शांतपणे म्हणालात, “म्या दूध परत केलं. गोठा न्हाई बंद पाडला.”

आई भाकरी उलटायची थांबली. मी चहाचा कप उचलून विसळायला घेतला.

आता ऐका. गोठा मीही बंद पाडला नाही. दुसऱ्या दिवशी चांगलं दूध आणायची वाट काकांना मोकळी होती, तशीच मालकाला होती. मोटर बदलायची होती, एवढंच. ती न बदलता बायकांना घरी बसवायचं हे त्यानं ठरवलं, आणि गावानं शिव्या मला दिल्या, कारण मालक गावात राहत नव्हता आणि मी तुमची मुलगी होते. पोटाचं म्हणता, तर पोटं फक्त आपल्याच गावात नाहीत. दक्षिणेतल्या एका बंदरावर मी एका म्हाताऱ्याला जाळ्यातली पिल्लं वेचून पाण्यात सोडताना पाहिलंय. शेजारची बोट तीच पिल्लं टोपल्यांनी उतरवत होती आणि त्याला हसत होती. त्याच्या माशाच्या नावावर दुसऱ्याचा मासा खपवला, तर उद्या तो तरी कशाला सोडेल? त्याची बाजू घ्यायला त्या कारखान्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. काकू माझी होती हे खरं. तिच्याकडे बघून मी शिक्का दिला असता, तर पुढच्या कारखान्यात कुणाकडे बघून नाकारला असता?

पुढं मालकानं शिक्क्याच्या माशासाठी वेगळा विभागच बांधला. दुसरा तपासनीस गेला, शिक्का परत मिळाला, गाडी पुन्हा यायला लागली. काकू मात्र परत गेली नाही. भूगावला एका सोसायटीत ती स्वयंपाकाची कामं करायला लागली आणि आपल्या घराची पायरी चढणं तिनं सोडलं. तुम्हीही तो विषय पुन्हा काढला नाहीत. फोनवर फक्त “जेवलीस का” विचारायचात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. दहाव्याला काकू आली. मी अंगणात तुमचा फोटो ठेवलेल्या पाटाशी एकटीच उभी होते, तेव्हा जवळ येऊन म्हणाली, “राग हाय माजा तुज्यावर. जायाचा न्हाई. पर उपाशी नगं राहू, चल जेवाया.” मी तिच्या शेजारी बसून जेवले. माफी मी मागितली नाही, तिनंही मागायला लावली नाही.

त्यानंतर मी कितीतरी कारखान्यांचे शिक्के थांबवले. कधी माल बदललेला, कधी बोट भलतीच. दर वेळी कुणीतरी बायकांची पोटं पुढं करतं आणि मालक मागं उभा राहतो. मला आता ते लांबूनच दिसतं. उद्या पुन्हा तीच टाकी, तेच क्रेट आणि टेबलाशी काकू उभी असली, तरी मी तेच लिहीन.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. आईला वाचून दाखवले तर म्हणेल, आजून भांडतीस व्हय त्यांच्याशी. फक्त एक सांगते. वर इतक्या जोरात लिहिलेलं हे उत्तर मला त्या सकाळी सुचलं नव्हतं, ते सुचायला एवढी वर्षं लागली. आणि तुम्ही असता तर यावरही शांतपणे एक वाक्य बोलला असता. ते काय असतं, हे मला अजून ओळखता येत नाही.