उजवा पंचफुलाचा, डावा माझा

२ जानेवारी १९७९, मंगळवार

सोळाच! मैदानावर येतो आम्ही बावीस जणी आणि विदर्भाकडून फुटबॉल खेळायला रायपूरला जाणार सोळा. मधुकरराव सरांनी आज सराव संपल्यावर सगळ्यांना उन्हात बसवून सांगितलं. चौदा तारखेला आपसात सामना खेळवून शेवटची निवड. जिची निवड होईल तिने गाडीभाड्याचे आणि जेवणाचे मिळून तीस रुपये भरायचे. आणि बूट दोन्ही पायांत हवेत. "एका बुटावर खेळणं आता बंद," म्हणाले, आणि बघितलं ते आमच्याकडेच.

आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि पंचफुलाकडे. आमच्या अख्ख्या इंदोरा वस्तीत एका जोडीत खेळणाऱ्या दोघी आम्हीच. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या ओसरीवर बसून विड्या वळल्या, त्या पैशांचे बूट. ती उजव्या पायाने मारते, मी डावखुरी. म्हणून उजवा तिचा, डावा माझा — दुसरा पाय अनवाणी. माप मात्र तिचं, कारण बाईसाहेबांचा पाय केवढा! मी पुढे चिंधी कोंबते.

दुसरी जोडी घ्यायची तर पंचेचाळीस रुपये. मायला विचारायची हिंमत होत नाही.

५ जानेवारी, शुक्रवार

विचारलं. माय विडीची पानं कापत होती, मान वर केली नाही. "भाड्याचं पाहू. बुटाचं नाव नको काढू." भाड्याचं पाहू म्हणाली हेच खूप झालं.

सर म्हणतात, विदर्भाकडून खेळली तर त्यांच्या ओळखीच्या कॉलेजात फी माफ होईल. बाबा तर मॅट्रिक झाली की पुरे, असं सगळ्यांना सांगत फिरतात. म्हणजे माझं सगळं या सोळांत अडकलंय. पंचफुलाचंही अडकलंय. ते मला दिसतं, पण मी तिकडे फार वेळ बघत नाही.

९ जानेवारी, मंगळवार

सरांनी दोघींना बाजूला बोलावलं. पंधरा नावं पक्की झाली. एक जागा उरली. "तुमच्या दोघींपैकी एकच नेता येईल," म्हणाले. आवाज इतका मऊ होता की मला जास्तच भीती वाटली.

परत येताना पंचफुला हसत होती. "काहून तोंड पाडतं वं? एक तं जाईन आपल्यातली. जोडी तं जाईनच!"

मला हसू आलं नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

कारखान्यात विड्या द्यायला गेलो. तिथे तपासणीला नत्थूजी बसतात. चांगल्या विड्या टोपलीत, खराब विड्या छाट म्हणून मागे फेकतात. बंडल कोणाचं हे त्यांना सांगावं लागत नाही. माझं उचलून म्हणाले, "हे प्रेमिलाचं. ही पोरगी दोऱ्याले एक वेढा जास्त देते." पंचफुला म्हणाली, "मी बी ओळखतो. तिचा दोरा सुटता सुटत नाही."

सगळे हसले. मी मागे पडलेल्या छाट विड्यांकडे बघत होते. एकेक हातात घेतली तर तशा चांगल्याच होत्या.

१३ जानेवारी, शनिवार

उद्या! पंचफुलाने तोडगा काढला. पहिल्या अर्ध्यात एकीने दोन्ही बूट घालायचे, हाफटाइमला काढून दुसरीला द्यायचे. सर हो म्हणाले. नाणं उडवलं, मी आधी.

"लवकर सोडजो वं," एवढंच म्हणाली.

दोन्ही बूट घालून घरातल्या घरात चालून पाहिलं. दोन्ही पायांत बूट घालायचं सुख वेगळंच असतं. उद्या ते पाऊण तासच आहे.

१४ जानेवारी, रविवार

चांगली खेळले. एक गोल केला, तोही डाव्याने. सर "शाब्बास" म्हणाले.

हाफटाइमला डावा बूट लगेच निघाला. उजव्याची गाठ सुटेना. सकाळचं दव होतं, नाडी ओली होऊन फुगली होती. मी नखांनी ओढली, पंचफुलाने खाली बसून दातांनी ओढली. तेवढ्यात शिट्टी झाली. सरांनी तिच्या जागी दुसरीला उतरवलं. मग मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या माणसाकडून ब्लेड आणलं, नाडी कापली. पंचफुला मैदानात गेली तेव्हा दहाच मिनिटं उरली होती. बूट पायातून निघत होता. ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा बाकीच्या मुली हसल्या.

दव होतं. त्यात कोणाचा काय दोष.

१५ जानेवारी, सोमवार

पंचफुला शाळेत आली नाही. नाडी ओली होती.

१७ जानेवारी, बुधवार

यादी लागली. सोळावं नाव माझं! मायने तीस रुपये काढून हातावर ठेवले, कुठून आणले ते सांगितलं नाही. बाबा शेजारी जाऊन सांगून आले.

पंचफुला फळ्याजवळच उभी होती. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग माझ्या पाठीवर थाप मारली. "बूट तुह्याकडेच राहू दे."

मला आनंद झाला. खूप झाला. जेवायला बसले आणि भाकरी अर्धी ठेवून उठले. माय म्हणाली, पोरगी हुरळून गेली.

२१ जानेवारी, रविवार — गाडीत

पंचफुला स्टेशनवर आली होती. माझ्यासाठी नव्या नाड्या घेऊन. शिवाय मूठ उघडून तिने उजव्या बुटाच्या नाडीचा तो कापलेला तुकडा माझ्या हातात दिला, गाठीसकट. गाठीला एक वेढा जास्त होता.

"तुह्या हातची गाठ मले ओळखू येत नाही काय वं?" म्हणाली. रागावली नव्हती. "जा. चांगली खेळजो."

हाफटाइमच्या जरा आधी मी उजव्या बुटापाशी खाली वाकले होते. नाडी ओली नव्हती.